ई-मेलचे बिऱ्हाड हलवताना घ्यावयाची काळजी



मागील पाठांतून आपण बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा आणि माती परीक्षण हे विषय घेतले. या वेळचा विषय शेतातला नाही, पण शेतकऱ्याच्या घरातला जरूर आहे. एका कंपनीकडील ई-मेल खात्यातली जुनी पत्रे दुसऱ्या कंपनीच्या खात्यात कशी न्यावीत, हे या पाठात पाहावयाचे आहे.

हा विषय घेण्याचे कारण असे. बँक, पीक विमा, पॅन कार्ड, भविष्य निर्वाह निधी, जिथे जावे तिथे हल्ली ई-मेल आयडी मागतात. आपल्यापैकी पुष्कळजण मुंबईला असलेल्या मुलाचा नाहीतर पुतण्याचा आयडी लिहून मोकळे होतात. तो आयडी दहा-पंधरा वर्षांपूर्वी दादरच्या किंवा गिरगावच्या एखाद्या सायबर कॅफेत बसून काढलेला असतो. पुढे नवा मोबाइल येतो, त्याबरोबर नवा आयडी येतो आणि जुना तसाच पडून राहतो. त्यात कोणकोणते कागद आहेत याची आठवण होते ती गरज पडेल त्या दिवशीच.

लालबागची हकीकत

आपल्याच एका सभासदांच्या घरची गोष्ट आहे. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी घरे आपल्या भागात गावोगाव आहेत. वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर ती गिरणी काही पहिल्यासारखी चालली नाही. थोरला भाऊ लालबागच्या खोलीत राहिला, धाकटा गावी उसाच्या शेतीवर.

बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, तो हयात नसल्यास त्याचा वारस, यांना म्हाडाकडे अर्ज करता येतो. गिरणी कामगारांसाठी २०१२, २०१६ आणि २०२० साली सोडती निघाल्या. २०११ च्या सुमारास अर्जांची धावपळ चालू असताना थोरल्याच्या मुलाने आजोबांचे कागद दादरच्या एका दुकानात स्कॅन करून आपल्याच ई-मेलवर टाकून ठेवले. तिकीट नंबर, लाल पास, पगारपत्रक, सगळे. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली, बिऱ्हाड संक्रमण शिबिरात गेले आणि मूळ कागदांची पिशवी एका पावसाळ्यात भिजून तिचा लगदा झाला. "ई-मेलवर आहे की सगळं," म्हणून कुणी फारसे मनाला लावून घेतले नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडाने कामगारांची पात्रता ठरविण्याची खास मोहीम सुरू केली. दीड लाखांहून अधिक अर्जदारांचे कागद पाहावयाचे होते. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, पगारपावती, ई.एस.आय. क्रमांक असे पुरावे मागितले होते. पोराने जुना आयडी उघडला, तर पेटी रिकामी! बरेच दिवस वापर नाही म्हणून त्या सेवेने आतली पत्रे काढून टाकली होती. पोरगा म्हणाला, "पण मी तर सगळं नव्या आयडीवर वळवलं होतं!"

चूक नेमकी इथेच झाली. त्याने वळवली होती ती पुढे येणारी नवी पत्रे. आलेली जुनी पत्रे जागच्या जागीच होती. या घराचे पुढे काय झाले ते पाठाच्या शेवटी सांगू. आधी विषय समजून घेऊ.

पेटी कुणाच्या जागेत असते?

ई-मेलची पेटी आपल्या मोबाइलमध्ये असते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. पत्रे कंपनीच्या संगणकावर असतात. मोबाइल म्हणजे आत डोकावण्याची खिडकी. कंपनी जागा फुकट देते, पण मालकी तिची. या जागेला भाडेकरूंचा कायदा लागू नाही. मालक बदलतो, नियम बदलतात, कधी जागाच बंद होते.

मुंबईचाच इतिहास पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. निगमचे मुख्य ठिकाण फोर्टातील विदेश संचार भवन. व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी, वकिलांनी निगमचे ई-मेल पत्ते आपापल्या कार्डांवर मोठ्या हौसेने छापून घेतले. २००२ साली ही सरकारी कंपनी टाटांकडे गेली आणि २००८ साली तिचे नावही बदलून टाटा कम्युनिकेशन्स झाले. १९९६ साली मुंबईतच रेडिफ सुरू झाली; तिच्या रेडिफमेलवर मराठी माणसाने भरपूर पत्रव्यवहार केला. त्याच साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल काढले. ते १९९७ अखेर मायक्रोसॉफ्टने घेतले आणि आता ते आउटलुक या नावाने चालते. बोरीबंदरसमोरच्या टाइम्स समूहाची इंडियाटाइम्स ई-मेल सेवा तर फेब्रुवारी २०१३ मध्ये बंदच झाली. ज्यांनी मुदतीत पत्रे काढून घेतली त्यांची राहिली.

सेवा चालू असली तरी खाते चालू राहीलच असे नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या पत्रांसह काढून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणला. याहूची मुदत बारा महिन्यांची आहे. पड जमिनीवर दुसऱ्याचा नांगर फिरतो, तशातलाच हा प्रकार.

वळवणे वेगळे, हलवणे वेगळे

गिरगावच्या चाळीतून एखादे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले, तर टपाल कार्यालयात नवा पत्ता देता येतो. मग पोस्टमन पुढची पत्रे नव्या पत्त्यावर पाठवतो. पण चाळीतल्या खोलीत ट्रंकेत ठेवलेली जुनी पत्रे पोस्टमन उचलून आणत नाही. ट्रंक आपली आपणच न्यावी लागते.

ई-मेलचेही तसेच. 'फॉरवर्डिंग' चालू केले की त्या दिवसापासून येणारे पत्र नव्या खात्यावर जाते. हे झाले वळवणे. मागील दहा वर्षांची पत्रे नेणे हे दुसरे काम. ते झाले हलवणे. दोन्ही कामे करावी लागतात आणि दोन्ही वेगवेगळी करावी लागतात.

काहीजण जुने एकेक पत्र उघडून स्वतःच्याच नव्या आयडीवर फॉरवर्ड करतात. दहा-वीस पत्रे असतील तर अडीनडीला ठीक आहे. पण त्यात एक खोट आहे. असे पाठवलेले पत्र आजच्या तारखेचे होते आणि पाठवणारा म्हणून आपलेच नाव येते. बँकेचे २०१४ चे पत्र यादीत आजच्या तारखेला दिसते. पुराव्याच्या कामी मूळ तारीख आणि मूळ पाठवणारा यांनाच किंमत असते. म्हणून पत्र जसेच्या तसे नेण्याची रीत वापरावी.

पॉप आणि आयमॅप

पत्रे काढून घेण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली पॉप. ही पद्धत गोदामातली पोती ट्रकमध्ये भरून घरी आणल्यासारखी आहे. माल घरी येतो, पण सूचना नीट दिली नसेल तर गोदाम रिकामे होते. शिवाय पॉपने फक्त आलेल्या पत्रांचा कप्पा येतो. आपण पाठवलेली पत्रे आणि स्वतः केलेले वेगळे कप्पे मागे राहतात.

दुसरी पद्धत आयमॅप. इथे माल गोदामातच राहतो आणि आपल्याला सगळे कप्पे जसेच्या तसे दिसतात. जुने आणि नवे अशी दोन्ही गोदामे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी उघडून एकातली प्रत दुसऱ्यात ठेवता येते. आपल्या कामाला हीच पद्धत बरी.

जीमेल पूर्वी दुसऱ्या खात्यावरची पत्रे स्वतःच पॉपने खेचून घेत असे. ही सोय २०२६ पासून काढून घेत असल्याचे गूगलने जाहीर केले आहे. जुन्या पुस्तिकांत ती युक्ती अजून सापडते. तिच्या भरवशावर राहू नये.

प्रत्यक्ष कृती

हे काम मोबाइलवर होत नाही. संगणक पाहिजे, तोही घरचा किंवा खात्रीच्या माणसाचा. सायबर कॅफेच्या संगणकावर करू नये, कारण पत्रांची प्रत तिथे मागे राहू शकते.

१. आधी मोजणी. जुने खाते उघडून प्रत्येक कप्प्यात किती पत्रे आहेत ते वहीत लिहावे. सर्वांत जुन्या पत्राची तारीखही लिहावी. त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल, तर आत शिरता येते आहे तोवर नंबर बदलून घ्यावा.

२. नव्या घरात जागा पाहावी. जीमेलमध्ये फुकट जागा १५ जीबी, पण त्यातच फोटो आणि ड्राइव्हवरील फायलीही मोजल्या जातात. फोटोंनी जागा भरलेली असेल तर पत्रे अर्ध्यातच अडकतील.

३. मोझिलाचा थंडरबर्ड हा कार्यक्रम संगणकावर घ्यावा. तो फुकट आहे. मोझिलाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा.

४. त्यात जुने आणि नवे अशी दोन्ही खाती आयमॅपने जोडावीत. काही सेवांत आयमॅप आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते. काही ठिकाणी नेहमीचा पासवर्ड चालत नाही. त्याच कंपनीच्या पानावरून या कामापुरता निराळा 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो.

५. नव्या खात्यात 'जुनी पेटी' नावाचा कप्पा करावा. प्रथम वीस-पंचवीस पत्रांची प्रत त्यात ठेवून पाहावी. पत्र उघडते का, तारीख तीच आहे का, सोबतची फाईल उघडते का, हे तपासावे. संपूर्ण रानाला औषध मारण्याआधी आपण एका सरीवर मारून पाहतो ना? तसेच.

६. मग एकेक कप्पा न्यावा. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. 'कॉपी' करायचे, 'मूव्ह' नाही. मूव्हमध्ये पत्र जुन्या जागेवरून निघून जाते; वाटेत वीज गेली, रेंज गेली तर घोळ होतो. पाठवलेल्या पत्रांचा कप्पा विसरू नये. आपण केलेल्या अर्जाची प्रत तिथेच असते.

७. पुन्हा मोजणी. काट्यावर भरलेली ट्रॉली तोलतो, रिकामीही तोलतो. तेव्हाच पावती खरी होते. समजा जुन्या कप्प्यात २,३१८ पत्रे होती आणि नव्यात २,२९५ आली, तर २३ पत्रे कुठे राहिली ते शोधावे. बहुधा मोठ्या फायलींची पत्रे अडकलेली असतात. आकडा जुळेपर्यंत काम झाले असे समजू नये.

८. तिसरी प्रत. महत्त्वाच्या पत्रांची एक प्रत थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे आपल्याच संगणकावर ठेवावी. सोबतचे कागद पेन ड्राइव्हवर उतरवावेत आणि छापून फाईललाही लावावेत.

नेहमी येणाऱ्या अडचणी

काम फार हळू चालते, अशी पहिली तक्रार असते. जीमेलमध्ये आयमॅपने दिवसाला ५०० एमबीपर्यंतच पत्रे चढवता येतात. मर्यादा ओलांडली की खाते काही काळ अडते. तेव्हा घाबरून पुन्हा पुन्हा पासवर्ड मारत बसू नये. दुसऱ्या दिवशी पुढचा कप्पा घ्यावा. चार जीबीची पेटी हलवायला आठ-नऊ दिवस लागतील, हे धरूनच चालावे.

दुसरी अडचण दुबार पत्रांची. जीमेलमधून दुसरीकडे जाताना एकच पत्र इनबॉक्समध्ये दिसते आणि 'ऑल मेल'मध्येही दिसते. दोन्ही कप्पे नेले तर पेटी दुप्पट फुगते. एकतर ऑल मेल न्यावे, नाहीतर बाकीचे कप्पे, दोन्ही नको.

तिसरी अडचण अशी की काही फुकट सेवांत पॉप आणि आयमॅप दोन्ही मिळत नाहीत, किंवा पैसे भरून मिळतात. महिन्या-दोन महिन्यांचे पैसे भरून ट्रंक बाहेर निघत असेल तर भरावेत. नाहीतर महत्त्वाची पत्रे सोबतच्या फायलींसह एकेक करून उतरवून घ्यावीत.

चौथी गोष्ट सावधगिरीची. "तुमची पेटी भरली आहे, इथे दाबा, नवीन सेवेत आपोआप हलवतो," असे निरोप येतात. ते दाबू नयेत. हे काम करून देतो म्हणणाऱ्या तिऱ्हाइताला पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नये. ज्याच्या हाती ई-मेल, तो बँकेच्या पासवर्डलाही हात घालू शकतो. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

जुन्या घराला कुलूप कधी लावायचे?

पत्रे आली, आकडा जुळला, तरी जुने खाते लगेच बंद करू नये. बँक, विमा, पॅन, आधार, भविष्य निर्वाह निधी, म्हाडाचा अर्ज, मुलांचे कॉलेज, जिथे जिथे जुना आयडी दिलेला आहे तिथे नवा नोंदवावा. जुन्या पत्रांची यादी चाळली तर कुणाकुणाला कळवायचे हे आपोआप समजते. जुन्या खात्यावर फॉरवर्डिंग चालू ठेवावे आणि निदान एक वर्ष महिन्यातून एकदा ते स्वतः उघडून पाहावे. वर्षभराचा हंगाम, कर आणि विमा हे सगळे चक्र एकदा फिरले म्हणजे कोण राहिले ते कळते.

मोठ्या संस्थांनाही हे चुकलेले नाही. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहो या चेन्नईच्या कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्याचे २०२५ साली वृत्तपत्रांतून आले. तिथे पत्ते मात्र सरकारी नावाचेच राहिले. पत्ता आपला, गोदाम दुसऱ्याचे, अशी ती रीत आहे. दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था आणि पतसंस्था चालविणाऱ्या आपल्या सभासदांनी हे ध्यानात घ्यावे. संस्थेचा पत्रव्यवहार सचिवाच्या खासगी आयडीवर ठेवू नये. संस्थेच्या नावाचा पत्ता घ्यावा. मग सचिव बदलला, कंपनी बदलली, तरी पत्ता बदलत नाही.

आणखी एक. आपण भागाला वारस नेमतो, बँकेच्या खात्याला नेमतो. ई-मेलला कुणी नेमत नाही. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. ठरावीक काळ खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला तसे कळविले जाते आणि आपली परवानगी असेल तर पत्रेही मिळतात. घरातल्या कर्त्या माणसाने ही नोंद करून ठेवावी.

हकीकतीचा शेवट

आता लालबागच्या घराकडे वळू. पेटी रिकामी निघाल्यावर घरात चार दिवस जेवण गोड लागले नाही. मग गावाकडच्या चुलत बहिणीला आठवले, की भावाने ते कागद त्या वेळी तिलाही पाठवले होते. "काकांना दाखव" म्हणून. तिचे कॉलेजातले खाते तिने परीक्षेच्या अर्जांसाठी अधूनमधून उघडलेले होते, म्हणून शाबूत राहिले. त्यात ते पत्र होते, २०११ च्या मूळ तारखेसह. सोबत लाल पास, तिकीट नंबर आणि पगारपत्रक. आम्ही स्वतः बसून ते खाते वर सांगितलेल्या रीतीने हलवले, आकडा जुळवला आणि त्या कागदांच्या छापील प्रती काढून मुंबईला पाठवल्या. त्यांच्याच आधाराने अर्ज दाखल झाला. घर मिळणे न मिळणे पुढच्या निर्णयावर आहे. पण वडिलांनी गिरणीत काम केले होते हे सांगायला कागद नाही, अशी वेळ त्या घरावर आली नाही.

हे घर नशिबाने वाचले. प्रत्येक वेळी चुलत बहीण असेलच असे नाही. तेव्हा येत्या गणपतीला नाहीतर दिवाळीला मुंबईची मंडळी गावी येतील, त्या वेळी एक दुपार या कामाला द्या. जुने आयडी आठवून वहीत लिहा, उघडून पाहा, आणि ट्रंक हलवायची असेल तर हलवा.

उजळणीसाठी प्रश्न

१. पत्रे वळवणे आणि पत्रे हलवणे यांत फरक कोणता?
२. 'मूव्ह' न करता 'कॉपी' का करावे?
३. एकेक पत्र फॉरवर्ड केल्यास पुराव्याच्या दृष्टीने काय तोटा होतो?
४. मोजणी दोन वेळा का करावी?
५. आपल्या घरात आजवर किती ई-मेल आयडी काढले गेले? त्यांपैकी आज किती उघडतात?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते घरच्या मंडळींत बसूनच काढावे.